मानसिक गुलामीचे निदान करणारे त्रिस्ताव कुन्हा

एप्रिल महिना लागला की आमच्या नांदुऱ्यात भीमजयंतीची लगबग सुरू होते. वर्गणीची पावतीपुस्तके छापून येतात, बुद्धविहाराला रंग दिला जातो, मिरवणुकीचा मार्ग ठरवायला बैठका बसतात आणि पोलीस ठाण्यात द्यायचा परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला कार्यकर्ते हमखास आमच्याकडे येतात. वकिली सुरू केल्यापासून हे काम आम्ही आनंदाने करीत आलो आहोत. १४ एप्रिल १८९१ ही तारीख आमच्या लेकराबाळांना शाळेत नाव घालण्याआधीच पाठ असते. पण त्याच वर्षी, त्याच महिन्यात, बरोबर बारा दिवस आधी, २ एप्रिल १८९१ रोजी गोव्यातील चांदोर गावी आणखी एका माणसाचा जन्म झाला होता, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा. गोव्यात त्यांना गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. पणजीच्या आझाद मैदानात त्यांचे स्मारक आहे. टपाल खात्याने १९९८ साली त्यांच्या नावाचे तिकीट काढले. आमच्या वऱ्हाडात मात्र गोवा म्हणजे समुद्र आणि सहल, एवढीच आमची ओळख.

आम्ही आज कुन्हांवर लिहितो आहोत ते एका खास कारणाने. राज्यकर्ता केवळ जमीन बळकावून थांबत नाही. तो जिंकलेल्या माणसाला नवे नाव, नवी भाषा, नवा पेहराव आणि नवी ओळख देतो. ती ओळख त्या माणसाला हळूहळू भूषण वाटू लागते. पोर्तुगीजांनी हा प्रयोग तीन खंडांवर केला. ब्राझील, अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द आणि आमच्या शेजारचे गोवा, दमण, दीव या सर्व ठिकाणी आजही त्या प्रयोगाच्या खुणा माणसांच्या आडनावांत आणि बोलण्यात सापडतात. या प्रयोगाचा अभ्यास ज्यांनी बाहेरून नव्हे, तर त्याच्या पोटात बसून केला, त्यांच्यात कुन्हांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ज्या चळवळीचा जन्मच गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव करून देण्यासाठी झाला, त्या चळवळीच्या वाचकांना हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेब आणि कुन्हा एकाच महिन्यात जन्मले म्हणून दोघांचे बालपण सारखे नव्हते. बाबासाहेबांना शाळेत पाण्याच्या घोटासाठी शिपायाची वाट पाहावी लागत होती. कुन्हा मात्र साष्टीतल्या सुखवस्तू कॅथलिक कुटुंबात वाढले. त्यांचे घराणे कासावलीजवळच्या कुएलीचे. गोव्याचे नामवंत पत्रकार आणि विचारवंत लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे त्यांचे मेहुणे. पणजीत शिक्षण, नंतर फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीत शिक्षण आणि तेथून थेट पॅरिस, असा त्यांचा मार्ग होता. परिस्थितीने त्यांना बंडखोर केले नाही. उलट परिस्थिती त्यांना खुर्चीवर बसवायला तयार होती. पोर्तुगीज सरकारला अशाच घरांतले शिकलेले तरुण हवे असत. अंगोला-मोझांबिकच्या कचेऱ्यांत अशा गोमंतकीयांना जागा मिळत होत्या. कुन्हांनी ती वाट धरली नाही. ज्या वर्गाला राज्यकर्त्यांच्या पंगतीला बसण्याचा मान मिळत होता, त्या वर्गातून उठून त्यांनी त्या पंगतीचेच वाभाडे काढले.

त्यांचे मोठेपण समजण्यासाठी त्या काळचा गोवा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. १५६० साली इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसले. मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. बाटलेला माणूस घरी कसा जेवतो, लग्नात कोणती गाणी म्हणतो, अंगणात तुळस लावतो काय, यावर त्याची नजर होती. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने लोकांची कोकणी बंद करून पोर्तुगीज बोलायला लावणारा हुकूम काढला. ही सारी जबरदस्ती केवळ श्रद्धा बदलण्यापुरती नव्हती. माणसाच्या तोंडातली भाषा आणि ताटातले अन्नही राज्यकर्त्याच्या परवानगीने असावे, असा तो कारभार होता. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातील हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले आणि पुष्कळांना वाटले, झाले, आता आपण नागरिक झालो. परंतु कागदावरची समता आणि प्रत्यक्षातली समता यांत किती अंतर असते, हे आम्हांला कोणी नव्याने शिकवायची गरज नाही.

कुन्हा १९१२ च्या सुमारास पॅरिसला गेले आणि तेथे विद्युत अभियांत्रिकी शिकले. पहिले महायुद्ध त्यांनी युरोपातच पाहिले. ज्या देशांना स्वतःच्या सुसंस्कृतपणाचा गर्व होता, त्यांनी एकमेकांच्या तरुणांची कशी कत्तल केली, हे पाहिल्यावर युरोपीय संस्कृतीचे भूत त्यांच्या मानेवरून उतरले असल्यास नवल नाही. डाव्या विचारांशी आणि साम्राज्यविरोधी मंडळींशी त्यांचा संबंध तेथेच आला. हिंदुस्थानातील पारतंत्र्याविषयी ते फ्रेंच पत्रांतून लिहू लागले. याच काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला आणि लंडनला ज्ञान मिळवीत होते. दोघेही परदेशातल्या सुखसोयींना भुलून तेथे राहिले नाहीत. बाबासाहेब १९२३ साली परतले, कुन्हा १९२६ साली परतले. शिकून परत येणे आणि आपल्या माणसांसाठी ते ज्ञान वापरणे, ही त्या पिढीची कसोटी होती. आजच्या आमच्या शिकलेल्या पिढीने स्वतःला ती लावून पाहावी.

गोव्यात परतल्यावर कुन्हांनी जे काम हाती घेतले, त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. साष्टीतल्या कुणबी मजुरांना आसामच्या चहामळ्यांवर नेले जात होते. मळेवाले ब्रिटिश, मजूर पोर्तुगीजांचे प्रजाजन आणि दोन्ही सरकारांना या व्यवहारात काही वावगे दिसत नव्हते. दूरच्या डोंगरात, अनोळखी भाषेच्या मुलखात, करारात बांधलेल्या या कुटुंबांची दैना कुन्हांनी चव्हाट्यावर मांडली आणि त्यांना परत आणण्यासाठी खटपट केली. पॅरिसहून आलेल्या अभियंत्याने आपली चळवळ सुरू केली ती एखाद्या मोठ्या घोषणेने नव्हे, तर चहाच्या मळ्यात अडकलेल्या मजुरांपासून, ही साधी गोष्ट नाही.

येथे कुणबी या शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कुणबी म्हणजे गावचा शेतकरी समाज, कागदोपत्री इतर मागासवर्ग. गोव्यातला कुणबी मात्र वेगळा. तो तिथला मूळ रहिवासी, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेला. त्याच्यातले काही ख्रिस्ती झाले, काही हिंदू राहिले. दोन्हीकडे तो खालीच राहिला. गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर चार दशके उलटून गेल्यानंतर. आमच्याकडे जातपडताळणीची प्रकरणे घेऊन मुले येतात. आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आहे, एवढ्यावर त्यांचे शिक्षण आणि नोकरी टांगलेली असते. एकच शब्द एका मुलखात एक अर्थ सांगतो आणि दुसऱ्या मुलखात दुसरा. ओळख ही हवेत तरंगणारी वस्तू नाही. कोणीतरी ती लिहितो, कोणीतरी शिक्का मारतो आणि कोणाचे तरी आयुष्य त्याने ठरते. कुन्हांनी आयुष्यभर याच शिक्क्याचा शोध घेतला.

१९२८ साली कुन्हांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली आणि त्याच वर्षी कलकत्ता अधिवेशनात अखिल भारतीय काँग्रेसने तिला मान्यता दिली. गोवा हा हिंदुस्थानचाच भाग आहे, हे संघटनेच्या पातळीवर मान्य करून घेण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. पण १९३४ च्या सुमारास, परकीय सत्तेखालच्या प्रदेशातल्या कमिट्या नकोत म्हणून काँग्रेसने ती मान्यता काढून घेतली. ज्यांच्या भरवशावर घराबाहेर पडावे त्यांनीच दार लावून घ्यावे, हा अनुभव कुन्हांनी घेतला. काँग्रेसच्या दाराचा असाच अनुभव पुणे कराराच्या काळात अस्पृश्यांनीही घेतला होता. कुन्हा मात्र खचले नाहीत. पुढे मुंबईत बसून त्यांनी कमिटीचे काम पुन्हा उभे केले. धोबीतलावच्या आसपास पोटासाठी आलेल्या खलाशी, आचारी, शिंपी, वादक अशा गोमंतकीयांची वस्ती होतीच. गोव्यात सभा नाही, वृत्तपत्रावर आधी तपासणी, मग बोलायचे कोठे? मुंबईतच.

दरम्यान पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही घट्ट होत होती. १९३० साली वसाहतींचा कायदा, म्हणजे आक्तु कोलोनियाल, जाहीर झाला. वकील म्हणून हा कायदा आम्हांला फार बोलका वाटतो. वसाहती ताब्यात ठेवणे आणि तेथील रहिवाशांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य आहे, असे त्यात कायद्याच्या भाषेत मांडले होते. म्हणजे कोणी माणूस आहे आणि कोणाला अजून माणूस करायचे आहे, हे लिस्बनमध्ये ठरणार! ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या विधिमंडळात मिनेझिस ब्रागांझा यांनी या कायद्याविरुद्ध ठराव मांडला आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क निर्भयपणे सांगितला. आफ्रिकेतल्या वसाहतींत तर याहून भयंकर प्रकार होता. तेथील काळ्या माणसाला कायद्याने नागरिक न मानता देशी हा वेगळा वर्ग केला होता. त्याच्यावर सक्तीची मजुरी लादता येत असे. पोर्तुगीज भाषा यायला हवी, ठरावीक कमाई हवी, जमातीच्या चालीरीती सोडलेल्या हव्यात, अशा अटी पूर्ण केल्या तर त्याला सामावून घेतलेला असा दाखला मिळे. फारच थोड्यांना तो मिळाला. ही व्यवस्था १९६१ पर्यंत टिकली. मनुस्मृतीने जन्मावर माणसाची किंमत ठरवली. सालाझारच्या सरकारने त्याला अर्ज, अटी आणि दाखल्याची जोड दिली, एवढाच फरक.

गोमंतकीयाला या उतरंडीत आफ्रिकी माणसाच्या वर जागा दिलेली होती आणि हीच खरी मेख होती. आपल्या खाली कोणीतरी आहे, या समाधानात माणूस आपल्या वर कोण बसला आहे हे विसरतो. बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेचे जे चढत्या श्रेणीचे स्वरूप उलगडून दाखवले, तेच येथे समुद्रापार पसरलेले दिसते. १९४४ साली कुन्हांनी मुंबईतून एक छोटी पुस्तिका काढली. गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण हा तिचा विषय. पुस्तिका लहान, पण घाव खोल. परकीय सत्ता केवळ शिपायांच्या बळावर टिकलेली नाही, ती गोमंतकीयाच्या मनात जाऊन बसली आहे, असे निदान त्यांनी केले. धर्मन्यायालयाची दहशत, भाषेचा कोंडमारा, राज्यकर्त्याच्या चालीरीतींची नक्कल आणि स्वतःच्या मातीविषयी वाटणारी लाज, या सर्वांची साखळी त्यांनी जोडून दाखवली. आपल्याच देशात आपण परके होऊन बसलो आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, ही कडू गोष्ट त्यांनी आपल्याच लोकांच्या तोंडावर सांगितली. शत्रूला शिव्या देणे सोपे असते. आपल्या घरात आरसा टांगणे अवघड असते.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्यात सविनय कायदेभंग पेटला. कुन्हा त्यात उतरले. १२ जुलै १९४६ रोजी त्यांना पकडण्यात आले आणि आग्वादच्या किल्ल्यात, अंधाऱ्या, ओलसर कोठडीत टाकण्यात आले. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न होते. २४ जुलैला त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले. लष्करी न्यायालयाने खटला चालवलेले ते पहिले गोमंतकीय नागरिक. शिक्षा आठ वर्षांची! सभा आणि भाषण याबद्दल नागरिकाला लष्करी अधिकाऱ्यांपुढे उभे करणाऱ्या राज्यात कायद्याचे राज्य नसते, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले होते. एकाच महिन्यात जन्मलेले दोन पुरुष. एक नव्या देशाचा कायदा लिहायला निघाला होता, तर दुसऱ्याला जुन्या साम्राज्याच्या कायद्याने कोठडीत कोंडले होते.

कुन्हांना पोर्तुगालमध्ये नेऊन पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, जुझे इनासियु लॉयोला हे गोव्याचे इतर नेतेही त्या तुरुंगात होते. सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही तेथेच सडत होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्या सत्तेने गोमंतकीयाला गुलाम केले, तिने आपल्या स्वतःच्या जनतेलाही मोकळे ठेवले नव्हते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा कुन्हा पेनिशच्या भिंतीआड होते. १९५० साली माफीच्या निमित्ताने सुटका झाली, पण ती नावापुरतीच. लिस्बनमध्ये त्यांच्यावर पहारा ठेवण्यात आला आणि मायदेशी परतण्याची वाट बंद होती.

याच सुमारास एक मोठे नाटक रंगत होते. जगभर वसाहती सुटू लागल्या तशी पोर्तुगालने १९५१ साली युक्ती केली. वसाहत हा शब्दच घटनेतून पुसून टाकला आणि त्या जागी सागरपारचे प्रांत असा शब्द घातला. गोवा आता वसाहत राहिली नाही, लिस्बनसारखाच पोर्तुगालचा एक तुकडा झाली! शब्द बदलला, सत्ता तीच. त्याच वर्षी ब्राझीलचे नामांकित समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयरी पोर्तुगीज सरकारचे पाहुणे म्हणून त्याच्या प्रदेशांचा दौरा करीत होते. ते गोव्यातही आले आणि पणजीत त्यांनी व्याख्यान दिले. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशातल्या लोकांत सहज मिसळतो, त्याच्या ठायी वर्णद्वेष कमी आणि म्हणून त्याचे साम्राज्य इतरांपेक्षा वेगळे, अशी त्यांची मांडणी होती. सालाझारच्या राजवटीने ती पुढे ढालीसारखी वापरली. विद्वान पाहुणा गोव्यात एकोप्याचे चित्र रंगवीत होता आणि त्याच गोव्याचा सुपुत्र लिस्बनमध्ये पोलिसांच्या नजरेखाली दिवस काढीत होता. एकोपा खरा मानायचा तर पहारा कशासाठी? आमच्याकडेही समरसतेच्या गप्पा मारणाऱ्यांना हाच प्रश्न विचारावा लागतो. एकत्र राहणे म्हणजे समान असणे नव्हे. मालक आणि मजूर एकाच वाड्यात शतकानुशतके राहिले आहेत.

१९५३ साली कुन्हांनी पहारा चुकवला, ते लिस्बनहून पॅरिसला निसटले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईला पोहोचले. बासष्ट वर्षांचा माणूस. तुरुंगाने शरीर पोखरलेले. विश्रांती घेण्याचा त्यांना हक्क होता. पण त्यांनी विखुरलेल्या संघटनांना एकत्र आणण्यासाठी गोवा कृती समिती उभारली आणि फ्री गोवा हे पत्र चालवले. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. २६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेबांनी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर भाषण केले, त्यात गोव्याचा प्रश्नही घेतला. नुसता निषेध करीत बसण्यापेक्षा ठोस मार्ग काढावा, असा त्यांचा रोख होता. गोवा विकत घेता येईल काय किंवा इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला तसा पट्ट्याने घेता येईल काय, असे पर्याय त्यांनी पुढे ठेवले. वऱ्हाड म्हणजे आमचा हा मुलूख! १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीने कायमच्या पट्ट्यावर गेला. मालक एक, वहिवाटदार दुसरा आणि राबणारा तिसराच, अशा व्यवहारातून आमचे नांदुरे गेले आहे. त्यामुळे गोव्याचा प्रश्न आमच्यासाठी परमुलखाचा प्रश्न कधीच नव्हता.

गोव्याचे स्वातंत्र्य पाहणे कुन्हांच्या नशिबी नव्हते, असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही नशीब मानत नाही. दिल्लीच्या सरकारने निर्णय घ्यायला चौदा वर्षे लावली, हे त्याचे कारण आहे. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत कुन्हांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. १९५९ साली जागतिक शांतता परिषदेने स्टॉकहोम येथे त्यांना मरणोत्तर पदक दिले. १९६१ साली त्यांचे निवडक लेखन मुंबईतून पुस्तकरूपाने निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतल्या मुक्ती संघटनांची संयुक्त परिषद भरली. अंगोला, मोझांबिक, गिनीच्या लढवय्यांच्या शेजारी गोव्याच्या संघटनाही तेथे बसल्या. ज्या आफ्रिकी माणसाला आपल्यापेक्षा खालचा समजायला गोमंतकीयाला शिकवले होते, त्याच्या खांद्याला खांदा लावून तो बसला. कुन्हांच्या निदानावरचे खरे औषध ते हेच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९८६ साली कुन्हांचे अवशेष मुंबईहून आणून पणजीच्या आझाद मैदानात ठेवण्यात आले.

आता थोडे परखड बोलले पाहिजे. आम्ही कोणाचेही चरित्र आरती ओवाळण्यासाठी लिहीत नाही. कुन्हांच्या पुस्तिकेचा मुख्य रोख परकीय सत्तेवर होता आणि त्या काळी तो असणे साहजिक होते. पण गोमंतकीयाच्या मनातली गुलामी पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरली, एवढेच सांगून भागत नाही. तिच्यातला एक मोठा हिस्सा त्या जहाजाच्या आधीपासून गावात होता. धर्म बदलला तरी जात बदलली नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद शिल्लक राहिले. त्यांच्याही खाली महार-चांभार आणि त्यांच्यापासून वेगळे गावडे-कुणबी राहिले. काही चर्चमधल्या धर्मबंधूंच्या मंडळांत कोणी कोणता झगा घालायचा आणि उत्सवाचा मान कोणाचा, हेही जातीवर ठरत असे. तुळस उपटणाऱ्या धर्मन्यायालयाने जातीचे मूळ मात्र उपटले नाही. उलट राज्यकर्त्यांना ती सोयीची पडली. म्हणजे आसामच्या मळ्यात गेलेला साष्टीचा कुणबी दोन साखळ्यांनी बांधलेला होता. एक लिस्बनची, दुसरी गावातल्या भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची. पहिली साखळी कुन्हांनी ओळखली आणि तोडण्यासाठी देह झिजवला. दुसरीचे शास्त्र बाबासाहेबांनी मांडले. १९५६ साली नागपूरला जे घडले ते केवळ धर्माचे नाव बदलणे नव्हते, जातीला नकार देणे होते, हा फरक गोव्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला की लखलखीत दिसतो.

म्हणूनच आम्ही म्हणतो, आमच्या मुलांनी पोर्तुगीज भाषिक जगाचा अभ्यास करावा. गोव्यातून पळून कारवार-हल्याळच्या जंगलात वसलेल्या गुलामांच्या वंशजांत गणले जाणारे सिद्दी आमच्या शेजारच्या राज्यात आहेत. ब्राझीलमध्ये चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी गुलाम उतरवले गेले आणि तेथील गुलामी १८८८ साली संपली. तरीही आमच्याकडे वर्णभेद नाही, सगळे मिसळून गेले आहेत, अशी समजूत तेथे पुढे अनेक दशके चालवली गेली. शेवटी काळ्या चळवळीच्या रेट्याने २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठातल्या राखीव जागा वैध ठरवल्या आणि त्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांसाठी राखीव जागांचा कायदा झाला. गुणवत्तेचा तोच आरडाओरडा तेथेही झाला. ज्यांना वाटते की आरक्षणाचा वाद फक्त भारतात आहे, त्यांनी तो निकाल वाचावा. आमच्या नव्या वकिलांनी तर अवश्य वाचावा.

यंदा जयंतीचा अर्ज लिहायला कार्यकर्ते येतील तेव्हा आम्ही एक सूचना करणार आहोत. १४ एप्रिलची मिरवणूक होईलच. तिच्या बारा दिवस आधी, २ एप्रिलला, विहारात तासभर बैठक घ्यावी आणि कॉलेजच्या मुलांपुढे या गोमंतकीयाचे चरित्र सांगावे. त्याला डीजे लागत नाही, वर्गणी लागत नाही, पोलिसांची परवानगीही लागत नाही. दिलेल्या नावाचा गर्व करावा की ते नाव कोणी, कशासाठी दिले हे विचारावे, एवढा एकच प्रश्न त्या तासात मुलांच्या मनात पेरला गेला, तरी पेनिशच्या भिंतीआड गेलेली त्या माणसाची वर्षे कारणी लागली असे आम्ही समजू.

जय भीम!